बोईसरहून नागपूरला पार्सल चालतं, मग वापीला पाठवताना जीएसटी का लागतो? ऑनलाइन दुकानाचे नियम सोप्या भाषेत

तारापूर एमआयडीसीतली शिफ्ट संपवून संध्याकाळी इन्स्टाग्रामवर कुर्ती विकणं, सातपाटीचा सुका बोंबील व्हॉट्सअ‍ॅपच्या ऑर्डरवर पाठवणं, घोलवडच्या चिकूचे चिप्स किंवा हाताने काढलेलं वारली चित्र एखाद्या शॉपिंग अ‍ॅपवर ठेवणं. पालघर जिल्ह्यात असा व्यवसाय सुरू करायला आज गाळा लागत नाही. फोन, यूपीआयचा क्यूआर कोड आणि कुरिअरवाला एवढ्यावर भागतं. त्यातूनच एक समज पसरला आहे: दुकानच नाही, तर परवाना कसला?

कायदा मात्र गाळा आहे की नाही हे पाहत नाही. नियमितपणे, नफ्यासाठी वस्तू विकली जात असेल तर तो व्यापार, मग तो बाजारपेठेत होवो की स्टेटसवर. घरातला जुना मिक्सर एकदा ऑनलाइन विकला तर ती वैयक्तिक विक्री. दर आठवड्याला नवा स्टॉक टाकला तर ते दुकान.

मग या दुकानाला नेमकं काय लागतं? 'ऑनलाइन दुकानाचा परवाना' नावाचा एकच कागद भारतात नाही. वेगवेगळे कायदे विक्रेत्याला वेगवेगळे प्रश्न विचारतात. त्यातले महत्त्वाचे चार: माल कुठे जातो, माल काय आहे, तो कोणाच्या नावावर विकला जातो आणि ग्राहकाला काय सांगितलं जातं.

पहिला प्रश्न: माल कुठे जातो?

पालघरच्या विक्रेत्यासाठी हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण जिल्हा राज्याच्या टोकाला आहे. डहाणू, घोलवड ओलांडलं की थोड्याच वेळात गुजरातचं उंबरगाव लागतं, पुढे वापी. तलासरीपलीकडे गुजरात आणि दादरा-नगर हवेली. स्थानिक माणसाला ही रोजची ये-जा वाटते. जीएसटी कायद्यासाठी मात्र ती राज्याची सीमा आहे.

नियम असा आहे: महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाची एकूण उलाढाल ४० लाख रुपयांच्या वर गेल्यावर जीएसटी नोंदणी सक्तीची होते. पण करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात पाठवली, तर ही ४० लाखांची सवलत उरत नाही. नोंदणी आधी करावी लागते. म्हणजे बोईसरहून शेकडो किलोमीटरवरच्या नागपूरला पाठवलेली कुर्ती राज्यांतर्गत विक्री ठरते. तीच कुर्ती जवळच्या वापीला गेली तर ती आंतरराज्य विक्री. अंतर किती हे कायदा बघत नाही, राज्य कोणतं हे बघतो.

नोंदणी आवश्यक असूनही न केल्यास १०,००० रुपये किंवा चुकवलेल्या कराइतकी रक्कम, यांपैकी जी जास्त असेल तेवढा दंड होऊ शकतो.

शॉपिंग अ‍ॅपवर विकणाऱ्यांसाठी नियम थोडा वेगळा आहे. पूर्वी अशा अ‍ॅपवरून वस्तू विकायची तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी क्रमांक लागायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून यात सूट मिळाली. उलाढाल मर्यादेच्या आत असेल आणि माल फक्त आपल्याच राज्यात विकायचा असेल, तर जीएसटी पोर्टलवर पॅनच्या आधारे फक्त एक नावनोंदणी क्रमांक घेऊन विक्री करता येते. मात्र माल राज्याबाहेर पाठवायचा असेल, तर ही सूट मिळत नाही.

दोन अपवाद पालघरला थेट उपयोगी पडतात.

पहिला हस्तकलेचा. सरकारने अधिसूचनेत दिलेल्या यादीतल्या हस्तकलेच्या वस्तू दुसऱ्या राज्यात पाठवणाऱ्या छोट्या कारागिराला २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे. त्या यादीत हाताने काढलेली चित्रं आहेत. त्यामुळे डहाणूचा चित्रकार आपलं वारली चित्र स्वतःच्या पेजवरून थेट बडोद्याच्या ग्राहकाला नोंदणीशिवाय पाठवू शकतो. अटी दोन: पॅन हवं, आणि पार्सलची किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल काढायला हवं. वस्तू मुख्यतः हाताने घडवलेली असणंही गरजेचं आहे. वारली नक्षी छापलेला मग किंवा टी-शर्ट यात बसत नाही. तेच चित्र शॉपिंग अ‍ॅपवरून राज्याबाहेर विकायचं असेल तर मात्र ही वाट धरू नये, तिथे नोंदणी घ्यावी.

दुसरा अपवाद शेतकऱ्याचा. स्वतःच्या वाडीतला ताजा चिकू विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटी नोंदणीची गरज नाही. ताज्या फळांवर जीएसटीही नाही. पण त्याच चिकूचे चिप्स किंवा पावडर केली की ती वेगळी वस्तू होते आणि वरचे नियम लागू होतात.

नोंदणी घेतली म्हणजे काम संपलं असंही नाही. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावं लागतं. 'नंबर घेऊन ठेवला, धंदा जमला नाही, मग विसरून गेलो' अशा प्रकरणात विलंब शुल्क साचत जातं. धंदा बंद केला तर नोंदणीही रीतसर रद्द करून घ्यावी. जीएसटी पोर्टलवर नोंदणीसाठी सरकारी शुल्क नाही. एजंट घेतो ते त्याचं मानधन.

अ‍ॅपकडून पैसे येतात तेव्हा थोडी रक्कम कापलेली दिसते, त्याचंही कारण समजून घेण्यासारखं आहे. कमिशन आणि डिलिव्हरी खर्चाखेरीज नोंदणीकृत विक्रेत्याच्या करपात्र विक्रीवर अ‍ॅप ०.५ टक्का जीएसटी आगाऊ गोळा करतं. १० जुलै २०२४ पूर्वी हा दर १ टक्का होता. प्राप्तिकरापोटी ०.१ टक्का कपात होते, मात्र वर्षाला ५ लाखांपर्यंत विक्री असलेल्या आणि पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीची ती होत नाही. या दोन्ही रकमा बुडत नाहीत. त्या विक्रेत्याच्या नावावर जमा असतात आणि करात वळत्या होतात. त्या मिळवायच्या तर हिशेब मात्र ठेवावा लागतो.

दुसरा प्रश्न: माल काय आहे?

खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षा कायदा, २००६ लागू होतो. शेतकऱ्याने पिकवलेला ताजा माल आणि मच्छीमाराने पकडलेला मासा यांना त्या पातळीवर हा कायदा लागू नाही. पण मासा सुकवून पाकिटात भरला, चिकूचे चिप्स तळले, जांभळाचं सरबत बाटलीत घातलं, की तो खाद्य व्यवसाय झाला. घरच्या स्वयंपाकघरात केला म्हणून सूट नाही.

छोट्या उत्पादकाला फक्त नोंदणी लागते, मोठ्याला परवाना. २०११ च्या नियमावलीने ही सीमा वर्षाला १२ लाख रुपयांच्या उलाढालीवर आखली आणि नोंदणीचं शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवलं. मर्यादा आणि शुल्क वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करताना फॉसकॉस पोर्टलवर चालू आकडे पाहून घ्यावेत. नोंदणीनंतर १४ अंकी क्रमांक मिळतो. तो पाकिटावर छापावा लागतो.

पाकिटावर आणखी काय हवं? सातपाटीच्या सुक्या जवळ्याचं २५० ग्रॅमचं पाकीट उदाहरण म्हणून घेतलं तर त्यावर साधारण एवढं लागेल:

– पदार्थाचं नाव आणि घटक
– मांसाहारी पदार्थाचं चिन्ह: तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण
– अ‍ॅलर्जीची सूचना. बोंबिलासाठी 'मासा', जवळ्या-करंदीसाठी 'कवचधारी जलचर'. कोळंबीच्या जातीची अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते, म्हणून ही ओळ केवळ सोपस्कार नाही
– निव्वळ वजन, म्हणजे पाकिटाशिवायचं
– सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, आणि प्रतिग्रॅम दर. २५० ग्रॅमचे २०० रुपये असतील तर ग्रॅमला ८० पैसे
– पॅक केल्याची आणि वापरण्याची अंतिम तारीख, बॅच क्रमांक
– बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल
– अन्नसुरक्षा नोंदणी क्रमांक

पदार्थ प्रक्रिया केलेला असेल, जसं चिकूचे चिप्स, तर पोषणमूल्यांचा तक्ताही लागतो.

यातलं वजन, किंमत आणि पत्ता हा भाग अन्नसुरक्षा कायद्याबरोबरच वैधमापन कायद्यातही येतो. त्यामुळे खाद्यपदार्थ नसलेल्या पाकीटबंद वस्तूंनाही, उदाहरणार्थ अगरबत्ती किंवा मेणबत्तीला, तो लागू आहे. स्वतः माल पॅक करणाऱ्याने वैधमापन विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी करायची असते. वजनकाटाही शिक्का मारून घेतलेला हवा. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा व्यापारासाठी चालत नाही.

१ जानेवारी २०१८ पासून आणखी एक नियम आहे. पाकिटावरची ही माहिती ऑनलाइनही दिसली पाहिजे, अपवाद फक्त उत्पादनाच्या महिना-वर्षाचा. कारण दुकानातला ग्राहक पाकीट उलटून पाहतो, ऑनलाइन ग्राहकाला ती सोय नसते.

खाण्यापलीकडच्या काही वस्तू विशेष जपून विकाव्यात. घरी बनवलेला अंगाचा साबण, उटणं, फेस क्रीम ही कायद्याने सौंदर्यप्रसाधनं आहेत आणि ती विक्रीसाठी बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. 'नैसर्गिक' किंवा 'होममेड' लिहिल्याने तो टळत नाही. घाऊक बाजारातून आणलेली खेळणी, हेल्मेट, प्रेशर कुकर यांवर भारतीय मानक ब्युरोचं आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मानकात न बसणारे कुकर आपल्या मंचावर विकू दिल्याबद्दल अ‍ॅमेझॉनला १ लाख रुपयांचा दंड केला आणि विकल्या गेलेल्या २,२६५ कुकरच्या ग्राहकांना कळवून कुकर परत घेण्याचा, पैसे परत देण्याचा आदेश दिला. एवढ्या मोठ्या कंपनीला जे चुकलं नाही ते छोट्या रिसेलरला चुकेल, असं मानण्यात अर्थ नाही.

तिसरा प्रश्न: कोणाच्या नावावर?

पालघर जिल्ह्याच्या काही नावांना स्वतःची बाजारकिंमत आहे. डहाणू-घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वारली चित्रकला आणि बहाडोलीचं जांभूळ यांनाही ते आहे. याचा अर्थ, ही नावं त्या त्या भागातल्या, त्या पद्धतीने बनलेल्या मालासाठी राखीव आहेत. मानांकनाचं नाव आणि चिन्ह हक्काने वापरायचं तर उत्पादकाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करून घ्यावी लागते.

दुसरीकडून आलेला चिकू 'घोलवडचा' म्हणून विकणं ही नुसती थाप नाही. मानांकनाचा खोटा वापर केल्यास ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. हा नियम स्थानिकांच्या बाजूचा आहे. मशीनवर छापलेलं चित्र 'अस्सल वारली' म्हणून स्वस्तात विकलं गेलं, तर नुकसान दिवसभर बसून शेण-मातीच्या सारवणावर तांदळाच्या पिठाने रेषा ओढणाऱ्याचं होतं.

ब्रँडच्या नावाचंही तसंच. नामांकित कंपनीचं लेबल परवानगीशिवाय कपड्याला लावणं किंवा 'फर्स्ट कॉपी' म्हणून विकणं हा ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे. ग्राहकाला 'ही कॉपी आहे' असं सांगून विकलं तरी सुटका होत नाही.

सोशल मीडियावर सर्रास होणारी आणखी एक गोष्ट म्हणजे दुसऱ्याच्या पेजवरचे फोटो उचलणं. फोटोचा कॉपीराइट साधारणपणे तो काढणाऱ्याचा असतो. आणि फोटोतला माल एक, पाठवलेला दुसरा असेल, तर पुढचा प्रश्न उभा राहतो.

चौथा प्रश्न: ग्राहकाला काय सांगितलं?

२३ जुलै २०२० रोजी ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जाहीर झाले. इंटरनेटवरून होणाऱ्या वस्तूंच्या आणि सेवांच्या खरेदी-विक्रीला ते लागू आहेत. सोशल मीडियावरच्या अनेक रूढ सवयी या नियमांत बसत नाहीत.

'नो रिटर्न, नो एक्स्चेंज': असं लिहिल्याने विक्रेता मोकळा होत नाही. माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत दाखवल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर तो परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. पूर किंवा तशा आपत्तीमुळे झालेला उशीर यातून वगळला आहे. ग्राहकाला रंग आवडला नाही, एवढ्यावर मात्र परतीची सक्ती नाही. तिथे विक्रेत्याने आधी जाहीर केलेलं धोरण लागू होतं.

'अनबॉक्सिंग व्हिडिओ नसेल तर तक्रार घेणार नाही': व्हिडिओ हा चांगला पुरावा आहे, पण ग्राहकाचा हक्क त्यावर अवलंबून असल्याचं हे नियम कुठेही म्हणत नाहीत.

'प्राइस डीएममध्ये': नियमांना किंमत उघड हवी आहे, तीही एकाच आकड्यात, डिलिव्हरी, पॅकिंग आणि करासह, त्याच्या फोडीसकट. शेवटच्या पायरीवर शंभर रुपये वाढवणंही बसत नाही.

'फक्त २ पीस शिल्लक', खरंतर गोदामात दोनशे: ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसवून खरेदी करायला लावणाऱ्या १३ युक्त्यांची यादी आहे, त्यात ही खोटी घाई येते. न मागितलेली वस्तू गुपचूप कार्टमध्ये टाकणंही येतं.

मैत्रिणींकडून 'खूप छान प्रॉडक्ट' लिहून घेणं: विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून परीक्षणं लिहिण्यास या नियमांत मनाई आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं.

याशिवाय विक्रेत्याने आपलं खरं नाव, पत्ता आणि संपर्क जाहीर करावा लागतो आणि तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. एकट्याच्या धंद्यात तो मालकच असू शकतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं.

हे न पाळल्यास काय होतं? पूर्वी ग्राहकाला विक्रेत्याच्या गावी किंवा व्यवहार झाला तिथे तक्रार करावी लागे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचं शुल्क नाही. म्हणजे बोईसरच्या विक्रेत्याने ८०० रुपयांच्या कुर्तीचे पैसे अडवले, तर लातूरचा ग्राहक लातूरमध्ये बसून दाद मागू शकतो आणि उत्तर द्यायला विक्रेत्याला तिकडे पाहावं लागतं. ८०० रुपये परत करणं त्याहून कितीतरी स्वस्त.

घरातून धंदा, तरी 'गुमास्ता'?

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ लागू आहे. मूळ कायद्यानुसार १० पेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नको, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही सीमा २० कामगारांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. एकट्याने किंवा घरच्यांच्या मदतीने चालणाऱ्या दुकानासाठी सूचनेची पावती हा छोटा कागद आहे, पण बँकेत चालू खातं उघडताना तो कामाला येतो.

उद्यम नोंदणी सक्तीची नाही. कर्ज आणि सरकारी योजनांसाठी ती उपयोगी पडते आणि सरकारी पोर्टलवर ती पूर्ण मोफत आहे. सरकारी वाटेल असं नाव घेऊन त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहावं.

ग्राहकांचे फोन नंबर आणि पत्ते हीही जबाबदारी आहे. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. ऑर्डरसाठी घेतलेला नंबर न विचारता जाहिरातीच्या ग्रुपमध्ये टाकायची सवय आताच सोडलेली बरी.

सुरुवात कुठून करावी?

१. आधी माल ठरवावा. खाद्यपदार्थ असेल तर पहिल्या ऑर्डरच्या आधी अन्नसुरक्षा नोंदणी, सौंदर्यप्रसाधन असेल तर उत्पादन परवाना.
२. पार्सल कुठे पाठवायचं ते ठरवावं. फक्त महाराष्ट्रात, तर उलाढालीवर लक्ष ठेवावं. करपात्र माल सीमेपलीकडे न्यायचा, तर आधी जीएसटी क्रमांक.
३. पाकिटावरचं लेबल आणि पेजवरची माहिती जुळवून घ्यावी.
४. नाव, पत्ता, किंमत, परतीचं धोरण आणि तक्रारीचा संपर्क पेजवर कायम दिसेल असा ठेवावा.
५. धंद्यासाठी वेगळं बँक खातं ठेवावं आणि प्रत्येक विक्रीचं बिल जपावं.

ग्राहकांसाठीही ही यादी तेवढीच उपयोगी आहे. ज्या पेजवर पत्ता नाही, किंमत नाही आणि 'नो रिटर्न' मोठ्या अक्षरात आहे, तिथे आगाऊ पैसे पाठवण्याआधी थांबलेलं बरं. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

यातली बहुतेक कामं छोट्या विक्रेत्यासाठी स्वस्त किंवा मोफत आहेत आणि मोबाइलवरून होतात. ती टाळून वाचतात ते काही तास. केली तर सातपाटीच्या बोंबलाचं पाकीट सुरतेच्या ग्राहकापर्यंत उजळ माथ्याने पोहोचतं, आणि तो ग्राहक पुढच्या महिन्यात पुन्हा ऑर्डर देतो.